इंग्रजीच्या गृहपाठाला मदत करताना: व्याकरण, शब्द आणि कवितेचे प्रश्न

मराठी माध्यमातल्या आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजीच्या गृहपाठात नुकतीच मदत करू लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही आई-बाबा असाल, ताई-दादा असाल, नाहीतर वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवायला आलेले कॉलेजचे विद्यार्थी असाल. मी बरीच वर्षं अशाच एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांच्या वह्या घेऊन बसते. प्रश्न फिरून फिरून तेच येतात: व्हॉइस बदला, रिपोर्टेड स्पीच करा, विरुद्धार्थी शब्द द्या, फिगर ऑफ स्पीच म्हणजे अलंकार ओळखा. चुकाही ठरलेल्या असतात, म्हणून त्या आधी सांगून ठेवता येतात.

पालकांच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं, "आमचंच इंग्रजी कच्चं, आम्ही काय सांगणार?" महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून. त्याआधी शिकलेल्यांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. तेव्हा ही धास्ती मला समजते, पण तिच्यामुळे मागे राहू नका. या प्रश्नांसाठी फाडफाड इंग्रजी बोलता यावं लागत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद ओळखता यायला हवं, सूचना नीट वाचायला हवी आणि मराठी वाक्याची ठेवण इंग्रजीला कुठे लागू पडते, कुठे पडत नाही, हे माहीत हवं. मूल मराठीच्या तासाला जे व्याकरण शिकतं तेच इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. फार थोडे जण ते वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

जवळ काय काय हवं

- चालू वर्षाचं पाठ्यपुस्तक. नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घ्या. शेजारच्या दादाचं जुनं पुस्तक वापरणार असाल तर आवृत्ती तपासा, धडे बदललेले असू शकतात.
- मुलाचं मराठीचं पुस्तक. प्रयोग, अलंकार, समानार्थी शब्द हे सगळं त्यात असतं.
- एक इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि जमलं तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात शब्द वापरून दाखवणारी वाक्यं असतात.
- मागच्या वर्षांच्या दोन-तीन कृतिपत्रिका, म्हणजे आताच्या प्रश्नपत्रिका.
- कच्ची वही आणि पेन्सिल. पहिलं उत्तर पेनने लिहायचं नाही.

गाइड घरात असेल तर असू द्या, पण उत्तर लिहून होईपर्यंत ते मिटलेलं ठेवा. गाइडमध्ये उत्तर मिळतं, ते कसं आलं हे बहुतेक वेळा मिळत नाही.

१. आधी सूचना वाचा, मग वाक्य

मूल येतं आणि म्हणतं, "हे वाक्य बदलायचंय." काय बदलायचंय? "माहीत नाही, बदलायचंय." अशा वेळी पुस्तक मागून घ्या आणि प्रश्न अख्खा वाचा. फोनवर फोटो आला असेल तर पूर्ण पानाचा फोटो मागा. कंसातली सूचना नेमकी फोटोच्या कडेला कापली जाते, आणि उताऱ्यातलं वाक्य असेल तर आधीच्या ओळीशिवाय 'ही' म्हणजे कोण, 'इट' म्हणजे काय, ते कळत नाही.

सूचनेतल्या क्रियापदाखाली रेघ मारायला लावा. 'पिक आउट' असेल तर वाक्यातला शब्द तसाच उचलून लिहायचा. 'आयडेंटिफाय' म्हणजे प्रकार ओळखायचा. 'रीराइट' म्हणजे पूर्ण वाक्य नव्याने लिहायचं, नुसता बदललेला शब्द चालत नाही. 'नेम अँड एक्स्प्लेन' मध्ये दोन कामं आहेत, नाव लिहायचं आणि कारणही द्यायचं. नुसतं नाव लिहून मुलं अर्धे गुण घालवतात. 'बिगिन द सेंटेन्स विथ' असेल तर दिलेल्या शब्दानेच सुरुवात करावी लागते, अर्थ बरोबर असून भागत नाही.

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. त्यात 'लँग्वेज स्टडी' या पहिल्या विभागाला १० गुण असतात, म्हणून घरोघरी समज असतो की व्याकरण तेवढ्यापुरतंच. तसं नाही. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांखालीही शब्दसंपत्तीची आणि व्याकरणाची वेगळी कृती असते. आराखडा बदलला तर तो शाळेत कळतो, तेव्हा जून महिन्यातच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. क्रियापदाला गोल करा

प्रश्न कोणताही असो, सुरुवात इथून करायची. वाक्यातलं क्रियापद शोधा आणि त्याच्या मदतनीसांसकट सगळ्याला एकच गोल करा. 'हॅज बीन वर्किंग' हे तीन शब्द मिळून एक क्रियापद आहे. मुलं फक्त 'वर्किंग' ला गोल करतात आणि काळ चुकतो.

मग क्रियापदाला दोन प्रश्न विचारा. 'कोण?' विचारलं की कर्ता मिळतो. 'काय?' किंवा 'कोणाला?' विचारलं की कर्म मिळतं, नाहीतर कर्म नाही हे कळतं. मराठीच्या तासाला मुलांनी हे केलेलंच असतं.

शब्दाची जात विचारली असेल तर शब्दाकडे नव्हे, वाक्यातल्या त्याच्या कामाकडे बघायचं. 'द टँकर ब्रिंग्ज वॉटर' मध्ये 'वॉटर' हे नाम आहे. 'दे वॉटर द प्लांट्स' मध्ये तोच शब्द क्रियापद आहे, कारण 'घालतात' हे काम तो करतो आहे. 'फास्ट' चंही तसंच: 'अ फास्ट ट्रेन' मध्ये विशेषण, 'ही रन्स फास्ट' मध्ये क्रियाविशेषण. 'वॉटर म्हणजे नाम' असं पाठ करून आलेल्या मुलाला ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवा.

३. व्हॉइस: कर्मणी प्रयोगापासून सांभाळा

इथे जरा थांबते, कारण मराठी माध्यमाच्या मुलांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो आणि तो कुणी समजावून सांगत नाही.

मराठीत 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, म्हणून कर्मणी. मुलांना कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं कुठेतरी सांगितलेलं असतं. मग 'राम एट अ मँगो' या वाक्याचा व्हॉइस विचारला की हुशार मूलसुद्धा मनात भाषांतर करतं आणि 'पॅसिव्ह' म्हणतं. हे वाक्य ॲक्टिव्ह आहे. इंग्रजीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं का, हा प्रश्नच नसतो. काम करणारा कर्त्याच्या जागी, म्हणजे क्रियापदाच्या आधी बसलाय का, एवढंच पाहायचं. राम खाणारा आहे आणि तो पुढे बसलाय, म्हणून ॲक्टिव्ह.

इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारं मराठी वाक्य आहे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. मराठी व्याकरणात याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात. तेव्हा मुलाला सांगा, वाक्य मनात '-कडून ... गेला, गेली, गेलं' असं बसत असेल तर इंग्रजीत पॅसिव्ह.

आता कृती. कर्म उचलून पुढे आणा. मूळ वाक्याच्या काळातलं 'बी' चं रूप (इज, आर, वॉज, वेअर वगैरे) घ्या. क्रियापदाचं तिसरं रूप लावा. गरज असेल तर 'बाय' लावून करणारा शेवटी ठेवा.

'सीता इज सिंगिंग अ सॉन्ग' याचं होतं 'अ सॉन्ग इज बीइंग संग बाय सीता'.
'सीता हॅज संग अ सॉन्ग' याचं होतं 'अ सॉन्ग हॅज बीन संग बाय सीता'.

'बीइंग' आणि 'बीन' मध्ये मुलं सतत घसरतात. मूळ क्रियापदाला 'इंग' असेल तर 'बीइंग', मूळ वाक्यात 'हॅज, हॅव, हॅड' आणि तिसरं रूप असेल तर 'बीन'. 'कॅन, मस्ट, विल' असतील तर त्यांच्यानंतर नुसतं 'बी': 'द वर्क मस्ट बी डन'.

क्रियापदाला 'काय?' विचारून काहीच मिळालं नाही, जसं 'द बेबी स्लेप्ट', तर त्या वाक्याचा असा पॅसिव्ह होत नाही. आणि 'द टीचर गेव्ह मी अ बुक' मध्ये दोन कर्मं आहेत, त्यामुळे 'आय वॉज गिव्हन अ बुक' आणि 'अ बुक वॉज गिव्हन टु मी' ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मैत्रिणीचं उत्तर वेगळं म्हणून आपलं खोडायचं नाही.

४. मराठीची सवय आड येते अशा आणखी जागा

*रिपोर्टेड स्पीच.* मराठीत आपण 'सुनीता म्हणाली की ती थकली आहे' असं म्हणतो. 'म्हणाली' भूतकाळात गेलं तरी 'आहे' तसंच राहतं. इंग्रजीत दुसरं क्रियापदही मागे सरकतं: 'सुनीता सेड दॅट शी वॉज टायर्ड'. म्हणून मराठी वाक्य मनात धरून हा प्रश्न सोडवायचा नाही. आधी अवतरणचिन्हाबाहेरचं क्रियापद पाहा. ते 'सेज' असेल तर काळ हलवायचा नाही, 'सेड' असेल तर हलवायचा. कायमचं सत्य असेल तर तेही तसंच राहतं: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन'.

प्रश्नार्थक वाक्यात दुहेरी चूक होते. 'व्हेअर डू यू लिव्ह?' हे बदलताना मुलं 'ही आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह?' लिहितात. बरोबर आहे 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड'. 'डू' गेलं आणि प्रश्नचिन्हही गेलं, कारण आता ते विधान आहे. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर मध्ये 'इफ' किंवा 'व्हेदर' घ्यायचं. 'टुडे, टुमॉरो, यस्टर्डे' हे शब्द सगळ्यात शेवटी तपासा, त्यांच्याकडे लक्षच जात नाही.

*सिन्स आणि फॉर.* आपल्याकडे दोन्हींना 'पासून' चालतं. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचं मुलं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' करतात. एका वाक्यात दोन चुका. कालावधी मोजून सांगितला असेल, म्हणजे पाच वर्षं, दोन तास, तर 'फॉर'. सुरुवातीची वेळ सांगितली असेल, म्हणजे सोमवार, २०१९, सकाळ, तर 'सिन्स'. आणि काम अजून चालू असेल तर 'हॅव बीन लिव्हिंग'.

*क्वेश्चन टॅग.* आपलं 'ना?' किंवा 'नाही का?' कुठल्याही वाक्याला चिकटतं. इंग्रजीत टॅग दर वाक्याला नवा बनवावा लागतो. गोल केलेल्या क्रियापदातला पहिला मदतनीस घ्या, होकार असेल तर नकार करा, नकार असेल तर होकार, आणि शेवटी नामाऐवजी सर्वनाम ठेवा: 'मीना कॅन स्विम, कान्ट शी?' मदतनीस नसेल तर 'डू, डज, डिड' आणायचं. तीन वाक्यं मात्र पाठच करा: 'आय ॲम लेट, आरन्ट आय?', 'लेट्स गो, शॅल वी?', 'ही हार्डली स्पीक्स, डज ही?' शेवटच्या वाक्यात 'नॉट' दिसत नाही, पण 'हार्डली' मुळे ते नकारार्थीच आहे.

*डिग्री.* म्हणजे विशेषणाची तुलनेतली तीन रूपं: पॉझिटिव्ह (हाय), कम्पॅरेटिव्ह (हायर), सुपरलेटिव्ह (हायेस्ट). यासाठी मी नेहमी कळसूबाई घेते. 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र', उंची १,६४६ मीटर, मुलांनी भूगोलात वाचलेली असते. तुलना करताना 'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र', आणि पॉझिटिव्हमध्ये 'नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई'. 'अदर' गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षा उंच होते! हे एकदा सांगितलं की मुलं तो शब्द विसरत नाहीत.

*नो सूनर.* याचा जोडीदार 'दॅन' आहे, 'व्हेन' नाही. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' चा जोडीदार 'व्हेन'. 'नो सूनर' नंतर 'डिड' आलं की पुढचं क्रियापद पहिल्या रूपात: 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट'.

५. 'अ' की 'ॲन': देवनागरीत लिहून पाहा

'स्वराआधी ॲन' हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण मुलं इंग्रजी अक्षराकडे बघतात. नियम उच्चाराचा आहे. आणि उच्चार पाहायला आपल्या हाताशी देवनागरी आहे. इंग्रजी शब्द कच्च्या वहीत देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर निघालं तर 'ॲन', व्यंजन निघालं तर 'अ'.

'आवर' लिहिलं, 'आ' आला, म्हणून 'ॲन आवर', स्पेलिंग एच ने सुरू होत असलं तरी. 'ऑनेस्ट मॅन' चंही तेच. 'युनिव्हर्सिटी' लिहिलं, 'य' आला, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अंब्रेला' ला 'ॲन', पण 'युनिफॉर्म' ला 'अ', दोन्ही यू या अक्षराने सुरू होतात तरी. 'वन-डे मॅच' मध्ये 'व' आहे म्हणून 'अ'. 'एमएलए' आणि 'एसएससी स्टुडंट' दोन्हींत 'ए' आहे म्हणून 'ॲन'. मात्र उच्चार बरोबर माहीत हवा. 'ऑनेस्ट' ला 'होनेस्ट' म्हणणाऱ्या मुलाचं उत्तर चुकणारच, तिथे शब्दकोशातला उच्चार बघा किंवा फोनवर ऐकवा.

६. शब्दांचे प्रश्न

समानार्थी असो वा विरुद्धार्थी, शब्द एकटा घेऊन शब्दकोश उघडायचा नाही. आधी उताऱ्यातली ती ओळ वाचायची. 'लाइट' चा विरुद्धार्थी काय? पिशवी 'लाइट' असेल तर 'हेवी', खोली 'लाइट' असेल तर 'डार्क'. 'फेअर' म्हणजे कुठे न्याय्य, कुठे गोरा, कुठे जत्रा. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणं ही इथली सगळ्यात मोठी खोड.

दुसरी गोष्ट रूपाची. 'व्हॅनिश्ड' चा समानार्थी विचारला तर 'डिसअपिअर्ड' लिहायचं, 'डिसअपिअर' नाही. अनेकवचनाला अनेकवचन, विशेषणाला विशेषण. तपासायची सोपी रीत: आपला शब्द मूळ वाक्यात टाकून वाक्य वाचा. अडखळलं तर रूप चुकलं. विरुद्धार्थी शब्दात हे वाक्य उलट अर्थाचं व्हायला हवं, पण व्याकरणात मात्र मोडता कामा नये.

नकाराचे उपसर्ग पाठ करताना पुढच्या अक्षराकडे लक्ष द्या. पी, बी, एम पुढे 'इम' येतो, जसं 'इम्पॉसिबल'. एल पुढे 'इल', जसं 'इल्लीगल'. आर पुढे 'इर', जसं 'इर्रेग्युलर'. पण हा पक्का नियम नाही, 'अनलकी' आणि 'अनप्लेझंट' आहेतच, त्यामुळे शंका आली की शब्दकोश.

वाक्प्रचार वाक्यात वापरायचा असेल तर अर्थ वाक्यातूनच दिसायला हवा. 'गिव्ह अप' साठी 'आय गिव्ह अप' एवढ्यावर थांबू नका. 'माय अंकल गेव्ह अप स्मोकिंग आफ्टर हिज इलनेस' असं लिहिलं की अर्थ कळतो आणि काळही नीट बसतो.

वर्णानुक्रम, दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून शब्द करणं, शब्दसाखळी, या हक्काच्या गुणांच्या कृती. साखळीत नामं मागितली असतील तर मध्येच क्रियापद घुसत नाही ना, तेवढं पाहा.

७. फिगर ऑफ स्पीच

अलंकार मुलांना मराठीतून येत असतात. उपमा ती सिमिली, रूपक ते मेटॅफर, चेतनागुणोक्ती ते पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती ती हायपरबली, अनुप्रास ते ॲलिटरेशन, श्लेष तो पन. ही जोडी वहीत समोरासमोर लिहून द्या. उपमेय, उपमान आणि साधर्म्यवाचक शब्द शोधायची सवय असेल तर सिमिलीचं स्पष्टीकरण आपोआप तयार होतं.

चुका इथेही ठरलेल्या:

- 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली लिहायची. 'आय लाइक मँगोज' मध्ये 'लाइक' क्रियापद आहे, 'ॲज इट वॉज रेनिंग' मध्ये 'ॲज' म्हणजे 'कारण'. तुलना असेल तरच सिमिली.
- ॲलिटरेशन अक्षरावरून ठरवायचं. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी ने सुरू होतात, पण आवाज एक नाही. 'फोन' आणि 'फिश' ची अक्षरं वेगळी, आवाज एक. इथेही देवनागरीत लिहून पाहा.
- पर्सॉनिफिकेशन आणि अपॉस्ट्रफी एकच समजायचं. निर्जीव वस्तूबद्दल माणसासारखं बोललं तर पर्सॉनिफिकेशन. समोर नसलेल्या माणसाला किंवा वस्तूला हाक मारून तिच्याशीच बोललं, 'ओ विंड!' असं, तर अपॉस्ट्रफी.
- 'राइम' हे अलंकाराचं नाव म्हणून लिहायचं. मराठीत यमक हा अलंकार शिकवतात, त्यामुळे हे होतं. इंग्रजी उत्तरपत्रिकेत राइमचा मुद्दा वेगळा असतो.

मराठीच्या तासाला सहसा न आलेली चार नावं वेगळी शिकवा. इन्व्हर्जन म्हणजे शब्दांचा नेहमीचा क्रम उलटणं. रेपिटिशन म्हणजे तोच शब्द जोर देण्यासाठी पुन्हा येणं. अँटिथिसिस म्हणजे एकाच ओळीत दोन विरुद्ध गोष्टी समोरासमोर, जसं 'मॅन प्रपोझेस, गॉड डिस्पोझेस'. ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणजे माणसाचं विशेषण वस्तूला लावणं: 'स्लीपलेस नाइट' मध्ये झोप रात्रीची नव्हे, माणसाची उडालेली असते.

८. एक कविता घेऊन करून पाहा

वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सच्या फुलांवरची कविता, १८०७ साली छापलेली, सरावाला उत्तम. पहिल्या कडव्यातल्या सहा ओळींचे शेवटचे शब्द खाली-खाली लिहा: क्लाउड, हिल्स, क्राउड, डॅफोडिल्स, ट्रीज, ब्रीझ. पहिल्याला 'ए' द्या. 'हिल्स' चा आवाज वेगळा, त्याला 'बी'. 'क्राउड' पुन्हा 'क्लाउड' शी जुळतो, म्हणून 'ए'. 'डॅफोडिल्स' ला 'बी'. शेवटच्या दोघांना 'सी'. राइम स्कीम झाली एबीएबीसीसी. 'ट्रीज' आणि 'ब्रीझ' यांचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून मुलं 'सीडी' लिहितात. ओळी मोठ्याने म्हणायला लावा, डोळ्यांनी हा प्रश्न सुटत नाही. उलट 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचं स्पेलिंग जुळतं, आवाज जुळत नाही.

पहिल्याच ओळीत कवी स्वतःची तुलना ढगाशी करतो आणि मध्ये 'ॲज' आहे. उत्तर असं लिहायचं: 'द फिगर ऑफ स्पीच इज सिमिली. द पोएट डायरेक्टली कम्पेअर्स हिमसेल्फ टु अ क्लाउड, यूजिंग द वर्ड ॲज.' नाव, कोणाची कोणाशी तुलना, कोणत्या शब्दावरून कळलं. फुलं नाचतात म्हणून पर्सॉनिफिकेशन. पुढे 'टेन थाउजंड सॉ आय ॲट अ ग्लान्स' ही ओळ येते. एका नजरेत दहा हजार फुलं, म्हणून हायपरबली. 'आय सॉ' ऐवजी 'सॉ आय', म्हणून इन्व्हर्जन. एका ओळीत दोन अलंकार असतात तेव्हा मुलं घाबरतात, "कुठलं बरोबर?" दोन्ही बरोबर. ज्याचं कारण नीट लिहिता येईल तो लिहा.

दहावीला कवितेच्या रसग्रहणाला ५ गुण असतात. शीर्षक, कवी, राइम स्कीम, फिगर ऑफ स्पीच, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात, ते त्याच क्रमाने घ्यायचे. मध्यवर्ती कल्पनेच्या जागी मुलं कवितेची गोष्ट सांगतात: कवी फिरायला गेला, त्याला फुलं दिसली. हा झाला सारांश. पाहिलेलं सौंदर्य नंतर एकटेपणातही मनाला आनंद देत राहतं, ही झाली मध्यवर्ती कल्पना. फरक कळायला मुलाला विचारा, "कविता कशाबद्दल आहे ते सांगू नकोस, कवीला त्यातून काय म्हणायचंय ते सांग."

९. अकरावी-बारावीचं थोडं

अकरावीला नाटक आणि बारावीला कादंबरी हे साहित्यप्रकार येतात, आणि त्यांच्यासोबत प्लॉट, सेटिंग, कॅरॅक्टर, थीम, कॉन्फ्लिक्ट, पॉइंट ऑफ व्ह्यू या संज्ञा. प्लॉट म्हणजे नुसत्या घटना नाहीत, एकीमुळे दुसरी घडते ती साखळी. सेटिंगमध्ये जागा आणि काळ दोन्ही लिहायचं, मुलं काळ विसरतात. 'क्लायमॅक्स' हा शब्द दोन ठिकाणी येतो: कथेत तो ताण शिगेला पोचतो तो प्रसंग, अलंकारात ती चढत्या क्रमाने आलेल्या शब्दांची मांडणी. प्रश्न कशाखाली आलाय ते पाहून उत्तर द्या. व्यक्तिरेखेवर लिहिताना 'शी इज काइंड' असं प्रत्येक विशेषण लिहिलं की लगेच ते दाखवणारा प्रसंग लिहायला लावा. प्रसंग सापडत नसेल तर विशेषण खोडायचं.

१०. लिहिणं आणि तपासणं

कच्च्या वहीत उत्तर झालं की पक्क्या वहीत उतरवण्याआधी मुलाला एकच विचारा, "कुठल्या शब्दावरून ओळखलंस?" त्याने वाक्यातल्या शब्दावर बोट ठेवलं तर उत्तर त्याचं आहे. "असंच असतं" म्हणाला तर ते अंदाजाने आलंय, बरोबर असलं तरी.

फोनवरच्या ॲपला प्रश्न विचारायची सवय आता सगळीकडे आहे. उत्तर ताडून पाहायला ती वापरा, उत्तर आणायला नको. ॲपला कंसातली सूचना दिली नाही तर ते वाक्य भलत्याच पद्धतीने बदलून देतं, आणि पाठ्यपुस्तकात ब्रिटिश स्पेलिंग असताना अमेरिकन स्पेलिंग देतं. भाषांतराच्या ॲपमध्ये अख्खा उतारा टाकून मराठी वाचणारी मुलं तर शब्दाचे प्रश्न हमखास चुकतात, कारण ज्या शब्दाबद्दल विचारलंय तो भाषांतरात नाहीसा झालेला असतो.

शेवटी वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल आहे का, पूर्णविराम आहे का, रिपोर्टेड स्पीचमधली अवतरणचिन्हं काढली का, उताऱ्यातून उतरवलेल्या शब्दांचं स्पेलिंग पुस्तकाशी जुळतं का, हे बघा. पुस्तक समोर उघडं असताना स्पेलिंग चुकायचं कारण नाही, तरी ते चुकतं.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचं एक नवं वाक्य स्वतः करून द्या, घरातल्या माणसांची नावं घालून: 'आजी हॅज मेड पुरणपोळी', व्हॉइस बदल. जमलं तर पुढचा प्रकार घ्या. नाही जमलं तर पुन्हा क्रियापदाला गोल करण्यापासून सुरुवात.